मैद्यासारखी रांगोळी

नाशिक,
५ सप्टेंबर २०२५

चि. सौ. कमळ, आणि चाळणी हातात धरून हे पत्र ऐकत बसलेल्या रेणुका बचत गटातल्या माझ्या सगळ्या भावजयांनो,

अनेक आशीर्वाद. वि. वि. एवढंच की तुम्हाला आजवर कुणी काही विचारलेलं नाही.

आठ वर्षांपूर्वी पिंपळखोऱ्याच्या शिवेवर गारगोटी दळणारी कंपनी आली, तेव्हा लोकांचं म्हणणं ऐकायची सभा भर कांद्याच्या लागणीत, सकाळी अकराला ठेवली. तुम्ही वाफ्यात वाकलेल्या होतात. पुरुष मांडवात बसले होते. काचेला आणि टाइल्सना लागणारं पांढरं पीठ इथे तयार होईल, गावाला काम मिळेल, धूळ नावालाही उडणार नाही, असं साहेबांनी सांगितलं. पुरुषांनी भजी खाल्ली, चहा घेतला आणि सह्या केल्या. पुढची चार वर्षं तुमच्या वाळवणावर ते पीठ पडलं, तुळशीची पानं पांढरी झाली. मोर्चा काढला तेव्हा कुठे कंपनीने धूळ अडवायची यंत्रं बसवली. मोर्च्यात आलेल्या बायांना घरी गेल्यावर कोणत्या शब्दांत ओवाळलं गेलं, तेही मला ठाऊक आहे.

आता कंपनीला दुसरी चक्की बसवायची आहे. त्यासाठी दिवाळीनंतरच्या ग्रामसभेत ठराव हवा आहे, आणि तुम्हाला पुन्हा कुणी विचारलेलं नाही. ज्या हवेचा धोका पत्करायचा ती हवा तुम्ही घेता, मग होकार दुसऱ्याने का द्यायचा? त्या दिवशी झाडून सगळ्याजणी सभेला जा. काय बोलायचं ते तिथे सुचेल. आधी जाऊन बसा.

कमळ, आता तुझ्यापुरतं. महालक्ष्म्यांना आले होते तेव्हा आरतीत तुझी रोशनी दोनदा खोकत बाहेर गेली. खोकला कोरडा आहे, आणि विचारलं तर चार महिने झाले म्हणाली. एकोणीस वर्षांच्या मुलीला चार महिने खोकला राहात नाही. तिला इकडे पाठव, छातीचा फोटो काढून घेऊ.

फोन का करत नाही म्हणून माझा भाऊराया पुंजाराम चिडतो. त्याला सांग, कानाचं यंत्र फोनला टेकवलं की शिट्टी वाजते आणि मला निम्मंच ऐकू येतं. निम्म्या ऐकण्यावर मी भांडत नसते, पूर्ण ऐकूनच भांडते. तेव्हा पत्रच बरं. आमचे हे म्हणतात की मी भाजीवाल्यालाही सभेसारखी हाक मारते. ते खरं असेल, पण भाजी ताजी मिळते.

रागावलात तरी चालेल, माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
ज्योत्स्नाताई


पिंपळखोरे,
१२ सप्टेंबर

ती. वन्संना कमळचा वाकून नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र मंगळवारी आलं. आमचे हात चालू होते, म्हणून नेहमीप्रमाणे अक्काबाईंच्या सुनेने ते मोठ्याने वाचलं. अक्काबाई म्हणाल्या, मास्तरीणबाई निवृत्त झाल्या पण शाळा काय सुटली नाय, अजून हजेरी घेतात. सगळ्याजणी लय हसल्या. तुम्ही असतात तर तुम्हीही हसला असतात.

वन्सं, रागावू नका, पण तुम्ही नाशकात राहून जो धोका बघता तो आम्हाला इथून तेवढा मोठा दिसत नाही. कंपनीच्या आधी गावातली पोरं पहाटेच्या गाडीने सातपूरला जायची, रात्री अर्धमेली परत यायची. आता घरोघरचा एक माणूस पायी कामावर जातो. उन्हाळ्यात कंपनीचा टँकर येतो. तुमच्याच आईचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, डोळे चुलीच्या धुराने गेले. तेव्हा चुलीवर कुणी मोर्चा नेला नाही. कांद्यावर औषध मारताना हे नाकाला रुमालसुद्धा बांधत नाहीत. जगायचं म्हटलं की नाकातोंडात काहीतरी जाणारच. भूक गेली नाही म्हणजे झालं.

आणि मोर्च्यानंतर धूळ खरंच थांबली. तुळस हिरवीगार आहे. वाळवण उघड्यावर घालतो.

आमची रांगोळी या वर्षी तीन तालुक्यांत जाणार आहे. कंपनीचा ट्रॅक्टर समाजमंदिराच्या मागच्या खोलीत पोती टाकून जातो, फुकट. आम्ही ती पावडर जुन्या धोतराच्या फडक्यातून चाळतो, रंग घालतो आणि पुड्या बांधतो. वाऱ्याने माल उडतो म्हणून खिडक्या लावून घेतो, पंखाही बंद ठेवतो. बाजारची रांगोळी वाळूसारखी खरखरते, आमची मैद्यासारखी बोटांतून सुटते. रंग रोशनीच्या हातचा. गेल्या दोन दिवाळ्यांना तिच्या निळ्या रंगाला सिन्नरहून माणसं विचारत आली. संध्याकाळी एकमेकींकडे बघून आम्ही हसतो, कारण सगळ्यांच्या भुवया म्हाताऱ्या झालेल्या असतात.

रोशनीचा खोकला हवापालटाचा आहे. अडुळशाचा काढा चालू आहे. आणि एक आनंदाची बातमी. ओझरहून स्थळ आलं आहे. मुलगा विमानाच्या कारखान्यात फिटर आहे, घर चांगलं आहे, त्यांना मुलगी पसंत आहे. तुळशीचं लग्न झालं की साखरपुडा करू म्हणतात. तेव्हा वन्सं, हात जोडून सांगते, खोकल्याचं नाव चार लोकांत काढू नका. छातीचा फोटो म्हटलं की लोक पुढचं न विचारताच टीबी समजून मोकळे होतात.

दाजींना नमस्कार. आमच्यावर आहे तेवढा जीव असू द्या, भाषण थोडं कमी केलंत तरी चालेल.

तुमची,
कमळ


नाशिक,
१९ सप्टेंबर

चि. सौ. कमळ हिस अनेक आशीर्वाद, वि. वि.

ओझरचं वाचून बरं वाटलं. मुलगा रोशनीच्या निळ्या रंगाला शोभेल असा असो.

आईच्या डोळ्यांचं लिहिलंस, तो टोला बरोबर बसला. चुलीवर कुणी मोर्चा नेला नाही हे खरं आहे. पण म्हणून चूल निर्दोष ठरत नाही, आपण उशिरा शहाणे झालो एवढंच ठरतं. आईने धूर सोसला कारण तिला दुसरं काही कुणी देऊ केलं नव्हतं. सोसणं आणि पत्करणं यांत फरक आहे. पत्करायला आधी माहीत असावं लागतं.

हे तुला भाषण वाटेल, म्हणून आता साधा प्रश्न विचारते. चक्कीतलं पीठ कंपनी विकते, गाड्या भरभरून विकते. मग जे विकलं जातं ते तुम्हाला फुकट का मिळतं? व्यापाऱ्याने फुकट दिलेली वस्तू मी दोनदा हुंगून बघते. ही पोती चक्कीच्या कोणत्या भागातून येतात, ते पुंजारामला विचार. तो तिथे वजनकाट्यावर बसतो, त्याला माहीत असेल.

दुसरं, देवरामचं. गेल्या खेपेला तो ओट्यावर बसला होता, मला ओळखू आला नाही. चक्कीवर असताना पोतं पाठीवर घेऊन पळणारा माणूस, आता उठताना खांब धरतो. टीबीचा कोर्स तिसऱ्यांदा चालू आहे म्हणाला, आणि थुंकीत मात्र एकदाही काही निघालं नाही. जो रोग सापडत नाही त्याचं औषध तीनदा कसं देतात? मध्य प्रदेशात पाटीवरच्या पेन्सिली कापणारी गावं होती, त्यांच्याबद्दल मी पूर्वी वाचलं आहे. तिथेही सगळे आधी टीबी म्हणत. होती ती दगडाची धूळ.

मनात काहीतरी घोळतंय आणि ते खोटं ठरावं असं वाटतंय. लवकर लिही.

जीव टांगून ठेवू नकोस, एवढंच मागणं.

तुझी,
ज्योत्स्नाताई


पिंपळखोरे,
२६ सप्टेंबर

ती. ताईस पुंजारामचा साष्टांग नमस्कार.

तुझा प्रश्न कमळने भाकरीच्या आधी माझ्या ताटात वाढला. मग म्हटलं, आपणच उत्तर द्यावं, नाहीतर तू उद्या वजनकाट्यावर येऊन उभी राहायचीस.

यात लपवण्यासारखं काही नाही. पूर्वी चक्कीतली हवा सरळ बाहेर सोडत, ती गावावर पडे. आता कापडाच्या लांबलचक पिशव्यांच्या रांगा बसवल्या आहेत, माणसापेक्षा उंच. हवा त्यांतून गाळून बाहेर जाते आणि धूळ आत अडकते. यंत्र पिशव्या झटकतं, धूळ खाली पोत्यात पडते. ती विकायच्या मालापेक्षा फार बारीक असते, म्हणून गिऱ्हाईक घेत नाही. ओढ्याच्या काठाला टाकू म्हणत होते, तर मीच अडवलं. ग्रामपंचायतीचा सदस्य म्हणून साहेबांना मीच सुचवलं की वाया घालवू नका, बायांना रांगोळीला द्या. साहेब खूश झाले, बाया खूश झाल्या.

म्हणजे बघ, तू मोर्चा काढलास म्हणून पिशव्या बसल्या, आणि पिशव्या बसल्या म्हणून रांगोळी आली. ती तुझ्याच मोर्च्याची रांगोळी आहे. पुडीवर तुझं चित्र छापायला हवं होतं.

देवरामचं वेगळं आहे. तो पहिल्यापासून विडी ओढतो. दुसऱ्या चक्कीचं म्हणशील तर तिलाही पिशव्या असणार आहेत, मी स्वतः विचारून घेतलं आहे. आता तरी गावाला सुखाने राहू दे. तू लढलीस, जिंकलीस. जिंकलेल्या माणसाने घरी बसावं.

दाजींची तब्येत कळव. भाऊबिजेला येतोच आहे. राग धरू नको, तुझा राग मला लहानपणापासून परवडत नाही.

तुझा,
पुंजाराम


नाशिक,
२९ सप्टेंबर

रेणुका बचत गटातल्या सर्व बायांनो, आणि कमळ,

आज आशीर्वाद शेवटी देते. हे पत्र वाचून होईपर्यंत हात थांबवा.

तुमच्या खोलीत जी पोती येतात, त्यांत तीच धूळ आहे जी आपण हवेतून काढायला लावली. चार वर्षं तुमच्या तुळशीवर पडत होती ती. तेव्हा ती सगळ्या शिवारात पातळ पसरलेली होती. आता ती गोळा करून, पोत्यात दाबून, खिडक्या लावलेल्या एका खोलीत तुमच्या मांडीवर आणून ठेवली आहे. यात कुणी डाव टाकला असं मी म्हणत नाही. माझ्या भावाने चांगल्या मनाने सुचवलं. सगळ्या गावाची नजर धुराड्यावर होती, ट्रॅक्टरकडे कुणी पाहिलं नाही. मीही नाही.

गारगोटीची जी भरड डोळ्यांना दिसते ती नाकात अडकते आणि शिंकेबरोबर जाते. जी दिसत नाही ती खाली फुप्फुसात उतरते, तिथे रुतते आणि परत येत नाही. फुप्फुस तिच्याभोवती गाठी बांधत जातं. तुमची रांगोळी मैद्यासारखी आहे याचा तुम्हाला अभिमान आहे. बायांनो, ती मैद्यासारखी आहे हेच भयाचं आहे.

चाळणं आजपासून बंद करा. पोती झटकू नका, खोली झाडू नका. पाणी मारा, ओलं करा, पोत्यांची तोंडं बांधून ठेवा. आणि खोकल्याला हवापालट म्हणू नका. रोशनीचा खोकला पाच महिन्यांचा होत आला, तिने तिथे तीन वर्षं सगळ्यांत जास्त वेळ काढला आहे. कमळ, तिला घेऊन ये. मी रोज फाटकाकडे बघते आहे.

तुम्हा सगळ्यांना दीर्घ आयुष्याचा आशीर्वाद. नुसता लिहायचा म्हणून लिहीत नाही.

तुमची,
ज्योत्स्नाताई


पिंपळखोरे,
११ ऑक्टोबर

ती. वन्संना नमस्कार.

तुम्ही पत्र सगळ्यांच्या नावाने लिहिलंत, म्हणून ते सगळ्यांसमोर वाचलं गेलं. रोशनीचं नाव आल्यावर अक्काबाईंची सून थांबली नाही. तिला वाटलं पुढे काही गंमत असेल. रोशनी तिथेच रंग कालवत होती. ती उठून गेली.

अक्काबाईंची भाची ओझरला दिली आहे हे तुम्हाला माहीत नसेल. मला माहीत होतं. कोजागरीला ओझरहून निरोप आला की साखरपुड्याची घाई नको, पुढच्या उन्हाळ्यात बघू. कारण सांगितलं नाही. मी विचारलंही नाही, विचारायला तोंड कुठे आहे? एवढं बजावून सांगितलं होतं की चार लोकांत नाव काढू नका. तुम्ही तर सभाच भरवलीत. तुम्हाला दोन माणसांत बोलता येत नाही का, वन्सं? समोर गर्दी असल्याशिवाय तुम्हाला खरं बोलताच येत नाही का?

चाळणं बंद केलेलं नाही. दिवाळीच्या पुड्यांचा शब्द दिला आहे. नाकाला ओलं फडकं बांधतो. त्यातही अर्ध्याजणी म्हणतात, मास्तरीणबाईंना कंपनीचं वावडं आहे, त्यांना आमच्या तोंडचा घासही धुळीचा दिसतो. रोशनी मात्र खोलीत येत नाही. माझ्याशीही बोलत नाही. नुसती ओसरीवर बसून असते.

हे सगळं लिहून मी पत्र बंद करणार होते. पण एक गोष्ट लिहिल्याशिवाय झोप येणार नाही, आणि ती तुमच्याशिवाय कुणाला लिहू? अष्टमीला आम्ही देवीच्या टेकडीवर ओटी भरायला गेलो. लहानपणी ती पोर शेळीसारखी पुढे पळायची, मी खालून हाका मारायची. या वेळी अर्ध्या चढावर ती दगडावर बसली. चपलेत खडा गेला म्हणाली. मी थांबले. तिने चप्पल काढली, झटकली, घातली आणि तरी उठली नाही. माझ्याकडे बघून हसली. तिचे ओठ मला बरे दिसले नाहीत. खडा बिडा काही नव्हता, वन्सं.

ओटी मी एकटीने भरली. देवीला काय मागायचं ते सुचलं नाही.

हे पत्र कुणाला दाखवू नका. माझा राग आहे तो आहेच, पण मला टाकू नका.

कमळ


पिंपळखोरे,
१५ ऑक्टोबर

ती. आत्याला रोशनीचा नमस्कार.

आई म्हणते मी तुझ्यावर रुसले आहे. पहिले दोन दिवस रुसले होते. नंतर वाटलं, तू नाव घेतलंस म्हणून निदान माझं दुखणं कुणाला तरी दिसतंय ते कळलं. सगळे गप्प होते तेव्हा मी एकटीच मोजत बसायचे, हापशावरून घरी येताना कुठे थांबावं लागलं ते.

आईला वाटतं फोटो काढला की लग्न मोडेल. बाबांना वाटतं फोटो काढला की त्यांनी काय केलं ते दिसेल. दोघंही माझ्याच काळजीने घाबरले आहेत आणि त्या काळजीपायी मला कुठे नेत नाहीत. ओझरचा जो मुलगा आहे त्याला मी एकदाच भेटले. तो शांत वाटला. त्याच्या घरी जाऊन चार महिन्यांनी धाप लागलेली कळण्यापेक्षा मला आत्ता कळलेलं बरं. मी त्याला स्वतः सांगेन.

बाबा भाऊबिजेला तुझ्याकडे येणारच. मी त्यांच्याबरोबर हट्टाने येते. तू त्यांना ओवाळशील तेव्हा ताटात काही घालू देऊ नकोस. ओवाळणी म्हणून मला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात न्यायला सांग. पाटावर बसलेला भाऊ नाही म्हणू शकत नाही.

तुझ्यासाठी निळा रंग आणणार नाही. दुसरं काय आणू ते कळव.

तुझी,
रोशनी


नाशिक,
२७ ऑक्टोबर

चि. कमळ,

हे पत्र तुझ्या एकटीच्या नावाने आहे. पुंजारामला तुझ्याच हातात द्यायला सांगितलं आहे. मागचं पत्र मी तसंच धाडायला हवं होतं. मुलीचं दुखणं मी दाखला म्हणून वापरलं. तुझा राग योग्य आहे, तो मी डोक्यावर घेतला.

रोशनीने सांगितलं तसंच केलं. पुंजाराम पाटावर बसला, खिशात हात घातला, आणि मी ताट मागे घेतलं. काय हवं ते सांगितलं. तो म्हणाला की ताई, तू हे ताटात मागायला नको होतंस. मी म्हटलं, दुसरीकडे कुठे मागू? त्यावर त्याने खिशातला हात रिकामाच बाहेर काढला.

दुसऱ्या दिवशी डॉ. अफरीनकडे गेलो. ती माझ्या शाळेतली मुलगी, आता छातीच्या रोगांची डॉक्टर आहे. तिने फोटो उजेडापुढे धरला आणि आधी रोशनीला विचारलं की तू काय काम करतेस. रोशनी म्हणाली, रांगोळी चाळते. डॉक्टरने पुन्हा विचारलं, कारण तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग रोशनीने सगळं सांगितलं, खिडक्या, फडकं, पोती. फुप्फुसांच्या वरच्या भागात दोन्हीकडे बारीक ठिपके आहेत, बाजरी सांडल्यासारखे. थुंकी तपासली, टीबी नाही. दगडाच्या धुळीचाच रोग आहे.

आता नीट वाच, कारण तू घाबरून अर्धं वाचशील. जे बसलं आहे ते निघत नाही, त्याला औषध नाही. पण ही सुरुवात आहे. आणखी धूळ आत गेली नाही तर पुष्कळांचं तिथेच थांबतं. काहींचं थांबत नाही. तिचं कोणत्या वाटेने जाईल ते आज कुणी सांगू शकत नाही, म्हणून दर काही महिन्यांनी दाखवायचं. त्या खोलीत तिने पुन्हा पाऊल टाकायचं नाही. मी तुला खोटा धीर देणार नाही, आणि आहे तो धीरही चोरणार नाही.

पुंजाराम बाहेरच्या बाकावर बसला होता. मी जवळ गेले तर म्हणाला, साहेबांना मी सुचवलं, ताई, मी. दोनदा म्हणाला. मी नुसती त्याच्या शेजारी बसले. नंतर त्याने देवरामचे जुने फोटो अफरीनला दाखवता येतील का, असं विचारलं.

खोलीत बसणाऱ्या प्रत्येक बाईचा फोटो काढायला हवा असं अफरीनने दोनदा बजावलं आहे. हे मी गटाला लिहिलेलं नाही. सांगायचं की नाही, कसं सांगायचं, ते तू ठरव. ती तुझी माणसं आहेत.

दोघांनाही दोन दिवस ठेवून घेतलं होतं, आज पाठवते. फोटो माझ्याकडे राहिला आहे, अफरीनला मोठ्या डॉक्टरांना दाखवायचा होता.

तुझ्यावरची माया कागदावर मावत नाही, तेवढी गृहीत धर.

तुझी,
ज्योत्स्नाताई


पिंपळखोरे,
१ नोव्हेंबर

ती. वन्संना कमळचा नमस्कार, वि. वि.

पत्र एकटीने वाचलं. गोठ्यात बसून वाचलं.

दुसऱ्या दिवशी खोलीत जाऊन मी खिडक्या उघडल्या. सगळ्या ओरडल्या की माल उडेल. मी म्हटलं, आता उडायला काही राहणार नाही, पाणी आणा. पोती ओली करून तोंडं बांधली. ट्रॅक्टर आला तो यांनी रस्त्यातच उभा केला आणि परत पाठवला. ट्रॅक्टरवाला म्हणाला, दादा, तुम्हीच तर चालू केलं होतंत. हे म्हणाले, म्हणूनच मीच थांबवतोय. घरी येऊन जेवले नाहीत.

मग मी फोटोचं सांगितलं. वन्सं, एकही तयार नाही. अक्काबाई म्हणाल्या, आता माझे मसणात जायचे दिवस, तिकडं काय फोटो लावायचाय? त्यांची सून रात्रभर खोकते, पण तिला सासूच बोलू देत नाही. ज्यांच्या मुली लग्नाच्या आहेत त्या तर माझ्या अंगणातूनही जाईनात. काहीजणी म्हणतात, रोशनी पहिल्यापासून नाजूक, कंपनीचा काय दोष? मला राग आला नाही. दीड महिन्यापूर्वी मीही हेच म्हणत होते, हवापालट म्हणत होते. आणि कंपनीचे साहेब येऊन फार गोड बोलून गेले. तोंडाला बांधायचे मास्क देतो, उघड्यावर चाळा, पोती चालूच ठेवतो. दुसऱ्या चक्कीनंतर दुप्पट देतो म्हणाले. निम्म्याजणींच्या माना हलल्या. हललेल्या मानांत माझीही असती.

ओझरच्या मुलाला रोशनीने फोनवर सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, घरी विचारून सांगतो म्हणाला. अजून काही आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. मी आता त्याची वाट बघत मुलीची धाप लपवणार नाही.

ग्रामसभा शुक्रवारी सकाळी दहाला आहे. दुसऱ्या चक्कीचा ठराव पहिलाच घेणार आहेत. यांनी सदस्य म्हणून सही करणार नाही असं सांगितलं, पण एका सहीने काय होतं? मी बोलणार आहे. आयुष्यात पाच माणसांपुढे बोलले नाही, चुलीपुढे बसून वाक्यं पाठ करते आहे. एवढंच विचारणार आहे की पहिल्या चक्कीच्या पिशव्यांतली धूळ आमच्या छातीत गेली, दुसरीची कुठे टाकणार? आणि जिने जिने ती चाळली तिचा फोटो कंपनीने आपल्या खर्चाने काढल्याशिवाय ठराव होऊ देणार नाही.

पण नुसत्या माझ्या सांगण्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. धूळ दिसत नाही, हाच तर घोळ आहे. काल रात्री रोशनी आपणहून म्हणाली, आई, माझा फोटो सभेत उजेडापुढे धर. मी नको म्हटलं. ती म्हणाली, तू झाकलास तर अक्काबाईंची सून कधीच दाखवणार नाही. मग मी हो म्हटलं.

तुम्ही भाषण करू नका, वन्सं. माझ्या शेजारी बसा, म्हणजे मी पडणार नाही. आजवर जशी सांभाळून घेतलीत तशी अजून थोडी घ्या. आणि गुरुवारी संध्याकाळच्या गाडीने या, रोशनीचा तो फोटो घेऊन या.

तुमची,
कमळ